बापूसाहेबांचे तैलचित्र

७ जून १९५९, रविवार

भगवंत सकाळी वलगावहून सायकलवर आला. कॅरिअरला धोतरात गुंडाळलेलं चित्र. हा अकोल्याला सिनेमाचे बोर्ड रंगवतो, शनिवारी वलगावला घरी येतो आणि रविवारी माझ्याकडे, चुका काढून घ्यायला. आठ वर्षांत चार-पाच रविवार चुकले असतील.

नियम माझेच आहेत. चित्र आरशासमोर धरायचं, म्हणजे उलटं दिसून लपलेली चूक उघडी पडते. आणि मी सात चुका काढेपर्यंत चित्रकारानं तोंड उघडायचं नाही. सातच का, असं त्यानं एकदा विचारलं होतं. पाच तर कोणीही काढील, म्हणालो.

आजचं चित्र वांगी विकणाऱ्या बाईचं. मनगट जाड, टोपलीची कड घसरलेली, सावलीत काळा रंग (सावलीत काळा घालू नये हे मी त्याला शंभरदा सांगितलं आहे). चौथ्या चुकीला तो "सर, ते असं हाय की..." म्हणाला. मी बोट वर केलं. गप्प बसला. ऐकणारा मुलगा आहे. मुलगा कसला, चौतीस वर्षांचा बाप्या.

जाताना त्यानं अकोल्यातल्या नव्या युक्तीबद्दल सांगितलं. डालड्याचा मोठा डबा, आत दोन शंभरचे दिवे, पुढं जुन्या कॅमेऱ्याचं भिंग. आत फोटो ठेवला की अंधाऱ्या खोलीत तो भिंतीवर हवा तेवढा मोठा पडतो आणि त्यावरून पेन्सिल फिरवायची. "फक्त उलटं पडते, सर. डावं ते उजवं. पण बोर्डावर हिरोचा भांग इकडचा तिकडं गेला तं कोण इचारते?"

मी म्हणालो, चौकटी पाडून मोठं करण्यात निदान डोळा लागतो. डब्याला काय लागतं? वीज.

तो हसला. मी हसलो नव्हतो.

२० जून, शनिवार

किसनरावांनी बोलावलं होतं. ते आमच्या संस्थेचे सेक्रेटरी, वकील, त्यामुळे साधा निरोपही नोटीस बजावल्यासारखा देतात. संस्थापक बापूसाहेबांना जाऊन नोव्हेंबरात वर्ष होईल. त्या दिवशी सभागृहात त्यांच्या तैलचित्राचं अनावरण. शाळेच्या आजी-माजी कोणीही पंधरा सप्टेंबरपर्यंत चित्र करून द्यावं, कमिटी निवडील.

कोणीही म्हणजे कोण? एकवीस वर्षं मी इथं ड्रॉइंग शिकवतो. मडकी, पेरू, जास्वंदीचं फूल. माझ्या हाताखालून किती मुलं ग्रेड परीक्षा पास होऊन गेली, पण माझं एकही चित्र घराबाहेरच्या भिंतीवर नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे. हे चित्र माझंच लागलं पाहिजे. बाकी काही मला आता नको.

भगवंतही आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. त्याला सांगण्यासारखं काही वाटलं नाही. अकोल्याच्या कामातून त्याला सवड कुठली?

५ जुलै, रविवार

बापूसाहेबांना फोटोचा तिटकारा होता. १९४१ चा एकच फोटो आहे. तो काढणारं दुकान केव्हाच बंद झालं. आता त्याच्या प्रती संस्थेत सगळ्यांकडे आहेत. तोच मी घेतला. कपाळ उत्तम, नजर उत्तम, उजव्या गालावर डाळीएवढी चामखीळ.

फोटोत एक गंमत सापडली. कोटाचा वरचा खिसा उजवीकडे आहे आणि बटणपट्टीही बायकांच्या झंपरासारखी उलटी. कोणत्या शिंप्यानं शिवला कोण जाणे! एवढा मोठा माणूस आणि कोट असा. मी चित्रात खिसा डावीकडे घेतला, बटणं सरळ केली. नुसती नक्कल आणि कला यात हाच फरक असतो. डब्याला हे सुचलं असतं का?

फोटोवर पाव इंचाच्या चौकटी, कॅनव्हासवर तीन इंचाच्या. दोन दिवस नुसत्या रेघा मारल्या. कंबर धरली आहे.

१९ जुलै, रविवार

भगवंत आज रिकाम्या हातानं आला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

मी कॅनव्हासवर चादर टाकून ठेवली होती. खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरलेला. त्याच्या नाकाला न सांगता कळलं.

"काही मोठं करून राहिले का, सर?"

"हिच्या माहेरची देवी आहे," म्हणालो. एकदम तोंडून गेलं. देवीचं नाव घेऊन खोटं बोलायचं कारण नव्हतं.

तो अनुपमेकडे पाहू लागला. अनुपमा चहाच्या भांड्याकडे. तिला माझं कुठलंही खोटं कानाला चिमटा घेतल्यासारखं लागतं, हे लग्नापासून पाहतो आहे.

चहा पिऊन तो लवकर गेला. चित्र न आणायला झालं काय याला? माणसं आळशी होतात ती अशी.

९ ऑगस्ट, रविवार

चेहरा पुरा होत आला. भगवंत आला नाही, निरोपही नाही.

संध्याकाळी चित्र आरशात पाहिलं आणि अंगावर काटा आला. बापूसाहेब! सकाळी प्रार्थनेला काठी टेकत यायचे आणि उशिरा आलेल्या मास्तरांकडे नुसते पाहायचे, तेच. मी अनुपमेला हाक मारली. ती पीठ मळता मळता आली, आरशात पाहून तिनं खरकटे हात जोडले. मग वळून कॅनव्हासकडे पाहिलं.

"आरशात बापूसाहेबच आहेत हो," म्हणाली. "इथं मात्र त्यांचे कोणी चुलतभाऊ वाटतात."

आरशात सगळीच चित्रं थोडी बरी दिसतात, नवेपणामुळे. तिला समजावलं. ती म्हणाली, "मला काय कळतं!" आणि पोळ्या लाटायला गेली. तिचं 'मला काय कळतं' हे कबुली नसून टोमणा असतो.

तरी मी तासभर गालाच्या छटा सुधारत बसलो. इकडून आणि आरशातून. जमलं नाही. पिवळा बदलून पाहिला पाहिजे, नागपूरहून मागवलेला थोडा मातकट आहे.

३० ऑगस्ट, रविवार

भगवंत आला. वाळलेला दिसला. पुन्हा हात रिकामे.

"सर, एका फोटोबद्दल बोलाचं होतं."

"फोटोबद्दल फोटोवाल्याशी बोल. माझ्याकडे चित्र घेऊन यायचं असतं."

"तसं नाई, सर. ऐकून तं घ्या. तुमाले अडचण व्हाची नंतर."

मला अडचण! मी बोट वर केलं. सवयीनंच गेलं. त्यानं चादरीकडे पाहिलं. मग चपला घालून निघून गेला. अनुपमा दारापर्यंत त्याच्यामागे गेली. काय बोलली कोण जाणे.

१७ सप्टेंबर, गुरुवार

आज सभागृहात चित्रं मांडली. 'चित्रं' म्हणतो, कारण दोन होती. दुसऱ्याच्या कोपऱ्यात भगवंतची सही.

किसनराव म्हणाले, "मास्तर, चेला तुमचाच ना? कमिटीतल्या पाचांपैकी चौघांचा कौल याला आहे. अभिमान वाटला पाहिजे तुम्हाला." मी हसल्यासारखं केलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

आठ वर्षं ज्याला रेघ ओढायला शिकवली, माझ्या घरी ज्यानं शेकड्यानं कप चहा प्यायला, त्यानं तीन महिने माझ्यासमोर बसून हे पोटात ठेवलं! रिकाम्या हातानं का येत होता ते आता कळलं. चित्र घरी होतं. आयत्या बिळावर नागोबा.

घरी येऊन म्हणालो, त्याला सांगितलं कोणी? नोटीस ऑफिसच्या फळ्यावर होती, अकोल्याहून तो काय दुर्बिणीनं वाचणार?

"मी सांगितलं," अनुपमा म्हणाली. भाजी चिरणं थांबवलंसुद्धा नाही. "जूनमध्येच."

"तू?"

"तुम्ही सांगणार नाही हे माहीत होतं म्हणून."

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. माझे वासे आधी फिरले. आज जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत सभागृहात एकटा जाऊन भगवंतचं चित्र नीट पाहिलं. वैरभाव बाजूला ठेवून पाहिलं, हे इथं नमूद करतो.

हात ढोबळ. पार्श्वभूमी सिनेमाच्या पडद्यासारखी. गळ्याशी घाईचा ब्रश. चेहरा... चेहऱ्याबद्दल काही लिहीत नाही. त्याच्यासमोर उभं राहून माझे खांदे आपोआप ताठ झाले, एवढं खरं.

आणि मग दिसलं. चामखीळ डाव्या गालावर! फोटो खिशात होता, काढून पडताळला. फोटोत उजव्या, याच्या चित्रात डाव्या. डावं ते उजवं! त्यानंच सांगितलं होतं जूनमध्ये. डब्यातून भिंतीवर उलटा पडलेला फोटो या पठ्ठ्यानं तसाच्या तसा गिरवला. मी एकटाच मोठ्यानं हसलो.

तिथंच बसून किसनरावांना पत्र लिहिलं. सदर चित्र हे कलाकृती नसून डालड्याच्या डब्याच्या साहाय्यानं काढलेली नक्कल आहे, चेहरा उलटा असणं हाच पुरावा, असा मनुष्य संस्थेची फसवणूक करीत आहे. 'फसवणूक' शब्द खोडला होता. पुन्हा घातला.

२० सप्टेंबर, रविवार

तो आला. मला वाटलं नव्हतं येईल. दारातच उभा राहिला.

"सर, तुमी मले कावून नाई सांगतलं?"

म्हणजे उलटा सवाल! मी विचारलं, "तू डबा वापरलास की नाही?"

"वापरला."

"कबूल करतोस?"

"लपवलं कवा? पण सर, फोटो भिंतीवर पडला तवा मी..."

"बस्स," म्हणालो. "माझ्या सात अजून व्हायच्या आहेत."

हे वाक्य मला त्या वेळी फार चांगलं सुचलं असं वाटलं. त्यानं मान खाली घातली. आजवर चुका काढताना त्याचा चेहरा कधी पडला नव्हता. पत्राचं मी त्याला सांगितलं नाही. कळेलच.

४ ऑक्टोबर, रविवार

सगळं आठवेल तसं लिहून ठेवतो.

कमिटीनं दोघांनाही बोलावलं होतं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी. माझं पत्र किसनरावांनी मोठ्यानं वाचलं, 'फसवणूक' शब्दावर जरा थांबून. भगवंतनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"डबा वापरला का?" किसनरावांनी विचारलं.

"हो."

"मग चेहरा उलटा पडला, आणि तुमच्या लक्षात आलं नाही?"

"लक्षात आलं. म्हणूनच तसा ठेवला."

कमिटीतले लोक हसले. मीही. तेवढ्यात बापूसाहेबांच्या पत्नी गोदावरीबाई आल्या. कोणत्या चित्रात ओळख पटते हे त्यांनी सांगावं म्हणून किसनरावांनीच टांगा पाठवला होता. पंचाहत्तरीच्या, पण ताठ. माझ्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. छान आहे म्हणाल्या, कोट छान आहे. मग भगवंतच्या चित्रासमोर गेल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

किसनराव खाकरले. "बाई, चामखीळ चुकली आहे ना यात?"

"कुठं चुकली?"

"डाव्या गालावर काढली आहे."

"मग डाव्याच गालावर होती," त्या म्हणाल्या. "दाढी करताना दर दोन दिवसांनी कापायचे. तुरटी मीच लावत होते. पंचेचाळीस वर्षं."

किसनरावांनी फोटो पुढं केला. त्यांनी तो हातात घेतलासुद्धा नाही. "तो फोटो त्यांना आवडत नव्हता. म्हणायचे, हा मी नव्हे. दुकानदारानं निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापला होता. मग दुसरा काढायला म्हणून गेलेच नाहीत."

मला कोट आठवला. खिसा उजवीकडे, बटणं उलटी. मी शिंप्याला हसलो होतो. कोट सरळ केला आणि चेहरा उलटा ठेवला! आरसा मला सांगत होता, अनुपमा सांगत होती. मी पिवळा रंग बदलत बसलो. वीस वर्षं रोज सकाळी तो माणूस माझ्यासमोरून गेला आणि त्याची चामखीळ कुठल्या गालावर हे मला फोटोला विचारावं लागलं. लाज वाटली.

भगवंत हळू बोलत होता. कोणी विचारलं नव्हतं, गोदावरीबाईंनाच सांगत होता. "मी लहान होतो तवा आईसंग तुमच्याइथं फुलं द्याले येत होतो, बाई. साहेब ओट्यावर दाढी करत बसलेले राहत. डब्यातून भिंतीवर चेहरा पडला अन् मी म्हनलं, अरे, हे तं तेच. मग फोटो पायला तं तो परका वाटला. तवा समजलं का फोटोच उलटा हाय." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सराइले सांगाले गेलतो. दोनदा."

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. म्हणालो, तू स्पर्धेत उतरतो आहेस हे तरी सांगायचंस.

"तुमीच सांगान म्हणून वाट पायली, सर," तो म्हणाला. "तुमी देवी सांगतली."

आणि मग, "आठ वर्षं तुमी माह्या चुका काढल्या. मले कधी राग नाई आला. पण ते पत्र तुमी माह्या चित्रावर नाई लेहलं, माह्यावर लेहलं."

सायकल घेऊन गेला. मला अजूनही वाटतं की त्यानं सांगायला हवं होतं. दोनदा आला होता हे खरं. पण तिसऱ्यांदा यायला काय हरकत होती?

१२ ऑक्टोबर, सोमवार

मागचे आठ दिवस लिहिण्याजोगे नाहीत. काल रविवार होता. अनुपमेनं चहा तिघांचा टाकला होता. उरलेला चहा तिनं मोरीत ओतला.

आज किसनरावांनी बोलावलं. भगवंत अकोल्याहून येऊन चित्र परत घेऊन गेला. कमिटी त्याचंच लावणार होती, पण तो म्हणाला, जिथं माझ्यावर फसवणुकीचं पत्र वाचलं तिथं ते नको. चित्र त्यानं गोदावरीबाईंच्या घरी नेऊन दिलं.

"तेव्हा तुमचं लागेल, मास्तर."

एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं माझ्या पदरात पडलं. मी म्हणालो, मग चेहरा दुरुस्त करून देतो, पंधरा दिवस द्या.

"नको. स्मरणिकेच्या हजार प्रती छापून झाल्या. मुखपृष्ठावर तोच फोटो आहे. फोटोत एका गालावर आणि चित्रात दुसऱ्या असं झालं तर पाहुणे काय म्हणतील? राहू द्या. कोण बघतंय?"

मी आणखी एकदा म्हणालो. नकार देता आला असता. माझंही चित्र उचलून घरी आणता आलं असतं, भगवंतनं नेलं तसं. हे सगळं मला तिथं खुर्चीत बसून सुचत होतं आणि मी मान डोलावत होतो. मला ते चित्र लागायला हवं होतं.

घरी सांगितलं. अनुपमा म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर, रविवार

अनावरण झालं. नागपूरचे पाहुणे, बँड, मुलींचं स्वागतगीत. दोरी ओढली, पडदा अडकला, शिपाई देवमननं काठीनं सोडवला. टाळ्या पुष्कळ. पाहुण्यांनी भाषणात माझं नाव घेतलं आणि 'हुबेहूब' हा शब्द तीनदा वापरला. फोटोही निघाला माझा, चित्राशेजारी उभा करून.

भगवंत येईल असं मला वाटत होतं. शेवटच्या रांगेपर्यंत पाहिलं. अनुपमा घरीच राहिली, डोकं दुखतं म्हणाली.

हार गोदावरीबाईंनी घालायचा होता. मी स्टुलाला हात देऊन उभा राहिलो. त्यांनी शेवंतीचा हार सावकाश घातला, नीट केला. सगळे थांबले होते, आता त्या हात जोडतील म्हणून. त्या खाली उतरल्या आणि माझ्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"हार इथं घातला, मास्तर. नमस्कार मी घरी जाऊन करीन."

मी बरं म्हणालो.

चित्र व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर, बरोबर मध्यभागी लागलं आहे. कोपऱ्यातली सही मागच्या बाकावरूनही वाचता येते. उद्या सोमवार, अकराला प्रार्थना. मास्तरांची रांग त्या भिंतीकडे तोंड करून उभी असते. माझ्या निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत.